गाण्याखालची चार नावं

आर. ई. एम. या बँडची गाणी तुमच्या कानावरून गेलेली आहेत असं धरून थेट मुद्द्यावर येतो. घरात त्यांची जुनी कॅसेट असेल तर आतला घडीचा कागद उलगडून बघा. गाणी कुणाची? बेरी, बक, मिल्स, स्टाइप. इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली चार आडनावं. ज्याचा चेहरा जगाने ओळखला तो गायक मायकेल स्टाइप सगळ्यात शेवटी, आणि मागे बसून ड्रम वाजवणारा बिल बेरी पहिला. आज मला एवढंच सांगायचंय.

गावाकडे चार भावांची सामाईक विहीर असते. सातबाऱ्यावर चौघांचीही नावं. सुरुंग कुणी लावला, गाळ कुणी उपसला, हे सातबारा विचारत नाही. पाण्याची पाळी मात्र चौघांना सारखी. या पोरांनी गाण्याची विहीर अशीच ठेवली. शिवाय कुठलाही निर्णय चौघांच्या होकारानेच. एकाने नाही म्हटलं की विषय संपला.

१९८० च्या ५ एप्रिलला जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या कॉलेजच्या गावी, एका जुन्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला ते पहिल्यांदा वाजले. पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला, स्टाइप तिथलं गिऱ्हाईक. पुढे छोट्या कंपन्या, गाडीतून गावोगाव फिरणं, कॉलेजांची रेडिओ केंद्रं, आणि १९८८ मध्ये वॉर्नरसारखी मोठी कंपनी, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मी विहिरीकडे परत येतो.

‘लूजिंग माय रिलिजन’ घ्या, १९९१ चं. बकने नवं मेंडोलिन आणलं होतं, ते अजून हातात बसलं नव्हतं. टीव्हीसमोर बसून तो बोटं फिरवत होता आणि टेप चालू होता. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर नुसती शिकाऊ खुडबुड, मध्येच ती सुरावट, आणि पुन्हा खुडबुड. सुरावट बकची, नावं चार. ‘एव्हरीबडी हर्ट्स’ बरंचसं बेरीचं, ड्रमवाल्याचं! तिथेही नावं चारच. कळलं ना? हे गाणं माझं, असं म्हणायची सोय त्यांनी ठेवलीच नाही.

आमचाही कॉलेजात बँड होता. एका कॅसेटवर एकाच मित्राचं नाव छापलं गेलं. ज्याच्या ठेक्यावर ते गाणं उभं होतं, तो पुढच्या तालमीला आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. म्हणून पुण्यामुंबईत पार्किंगमध्ये तालमी करणाऱ्या मुलांवर मी जरा रागावतो. अरे, अ‍ॅम्प कुठला घ्यायचा यावर तुम्ही रात्र रात्र बोलता, मग गाण्याखाली नावं कुणाची हे बोलायला संकोच कसला? पहिलं गाणं व्हायच्या आधी बोला. पाणी लागल्यावर पाळी ठरवायला बसलं की भाऊबंदकी ठरलेलीच.

१९९५ च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कार्यक्रम चालू असताना बेरी कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला, पुन्हा वाजवू लागला. पुढच्याच वर्षी कंपनीशी नवा करार झाला, ८ कोटी डॉलरचा असं छापून आलं होतं. आणि १९९७ मध्ये बेरी म्हणाला, मला थांबायचंय, पण माझ्या जाण्याने बँड मोडणार असेल तर मी जात नाही. विहिरीतला वाटा सोडणारा भाऊ असं बोलतो तेव्हा... असो, तो खरोखरच शेतीकडे वळला, गवत पिकवू लागला. नव्या गाण्यांखाली तीन नावं आली. जुन्यांखाली चार होती, ती चारच राहिली.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये तिघांनी आपणहून थांबत असल्याचं जाहीर केलं. त्या निर्णयाबद्दलही बोलायचं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात वर झालाय. एवढंच सांगतो. २०२४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला गीतकार-संगीतकारांच्या सन्मानदालनात या बँडची नोंद झाली. गाणी लिहिणाऱ्यांचा मान, आणि तो घ्यायला चौघंही होते, गवत पिकवणारा बेरीसुद्धा. त्या रात्री चौघांनी मिळून ते मेंडोलिनचं गाणं वाजवलं.