दुसरं धिरडं बाईचं

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्य समितीच्या ताईंनी केलेलं भाषण. ताई बोलल्या तसंच छापलं आहे.)



आज कर्जफेडीचा विषय नाही, म्हणून मागच्या रांगेतल्या बाया निवांत बसलेल्या दिसतात. बसा. आजचा विषय आहे धिरडं. तुम्ही म्हणाल, जन्म गेला तव्यापाशी, आता ही बाई आम्हाला धिरडं शिकवते! मलाही तसंच वाटलं असतं. पण माझ्या घरी दोन गोष्टी घडल्या, त्या आधी ऐका.

पहिली गोष्ट माझ्या नातवाची. उन्हाळ्यात तो आला आणि मोबाइलवर काहीतरी पाहून म्हणाला, "आजी, मले पॅनकेक पायजे." पॅनकेक म्हणजे काय, तर जाडसर गोड धिरडं, एकावर एक रचलेलं, वरून मध सोडलेलं. सून म्हणाली, त्याचं तयार पाकीट मिळतं. तिनं ते आणलं. मी चष्मा लावून मागची बाजू वाचली. पहिला शब्द मैदा, दुसरा साखर, मग दूध पावडर. त्यात वरून अंडं आणि दूध आपण घालायचं. म्हटलं, बापा, एवढे पैसे मैद्याचे? घरात ज्वारीचं पीठ होतं, गूळ होता, फळीवर दोन केळी काळी पडत आली होती. त्याचंच करून दिलं. पोट्ट्यानं चार खाल्ले. "असेच पायजे," म्हणाला.

शहरात आता अशा धिरड्याला व्हीगन म्हणतात. म्हणजे दूध, दही, तूप, अंडं, मध, जनावरापासून आलेलं काहीच नाही. आपण त्याला काही नाव दिलं नव्हतं, कारण आपल्याकडे दूध सकाळीच डेअरीवर जातं आणि उरतं ते चहात जातं. धिरड्यात कोण घालणार होतं?

दुसरी गोष्ट माझी स्वतःची आहे. दोन वर्षांमागे गावात तपासणी शिबिर झालं. मी सगळ्यांची नावं लिहून घेत होते, माझं रक्त सगळ्यात शेवटी घेतलं. हिमोग्लोबिन निघालं ७.९. बाईचं १२ तरी पाहिजे, गरोदर असेल तर ११. मी सिस्टरला म्हटलं, मशीन बिघडलं असंल. तिनं दुसऱ्या बोटातून पुन्हा घेतलं. तेच आलं. म्हणजे जिना चढताना दम लागायचा तो वयामुळे नव्हता, आणि वेचणीच्या दिवसांत दुपारी डोळ्यापुढे अंधारी यायची ती उन्हामुळे नव्हती.

आपल्या एकट्याचं असं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांना रक्तक्षय निघाला. आता या सभागृहात बाजूच्या बाईकडे पाहा. दोघींत एक.

मग सिस्टरनं विचारलं, सकाळी काय खाता? मी सांगितलं, धिरडे करते, आमच्या घरी रोज असतात. ती म्हणाली, करता हे कळलं, खाता काय? आणि मी गप्प झाले. कारण मी खात होते चहा आणि दोन टोस्ट. धिरडे यांच्या ताटात, पोरांच्या ताटात, सासूबाईंच्या ताटात. धिरडं भाकरीसारखं टोपलीत रचून ठेवायची गोष्ट नाही, ते गरमच खातात. म्हणून करणारी तव्यापाशीच उभी. तव्याला चिकटलेलं, मोडलेलं, करपलेलं ते आपलं. शेवटी पातेल्याला लागलेलं पीठ पाणी घालून खरवडायचं आणि त्याचं एक पातळ पापुद्र्यासारखं काहीतरी उभ्यानंच खाऊन वावरात निघायचं. हसू नका, हात वर करा कोण कोण असंच करतं. ... बघा.

आता कृतीकडे येते, कारण नुसतं धिरडं म्हटलं की पोट भरतं, ताकद येईलच असं नाही. आपल्याकडे बरेच जण नुसत्या कणकेचं गुळाचं धिरडं करतात. सणाला ठीक आहे. रोजच्यासाठी धान्य दोन भाग आणि डाळ एक भाग, हे माप डोक्यात ठेवा. ज्वारीत जे कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी असतं ते ज्वारीत. दोन्ही एकत्र आलं की शरीराला त्यातलं प्रोटीन नीट वापरता येतं. २०० ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि १०० ग्रॅम मुगाची डाळ घेतली तर त्यात सुमारे ४४ ग्रॅम प्रोटीन येतं. बाईला दिवसाला साधारण ४६ लागतं. त्या पिठाची दहा धिरडी झाली आणि तुम्ही तीन खाल्ली, तर तेरा ग्रॅम सकाळीच पोटात गेलं. चहा-टोस्टातून त्याच्या निम्मंही मिळत नाही.

सालीची मुगाची डाळ रात्री भिजत घाला. सकाळी ती मिरची, लसूण, जिरं, आल्याच्या तुकड्यासोबत वाटा. त्यात ज्वारीचं पीठ, हळद, दोन चमचे तीळ, बारीक चिरलेला कांदा आणि मूठभर पालेभाजी. पालेभाजी विकत आणायची नाही. परसबागेत शेवगा आहे, मेथी आहे. पावसाळ्यात कोवळा तरोटा आहे, उन्हाळ्यात चिवळ आहे. शेवग्याचा पाला वाळवून चुरून डब्यात ठेवला तर वर्षभर चमचाभर टाकता येतो, आणि लेकरांना कळतही नाही. पाणी घालून पीठ ताकापेक्षा घट्ट, इडलीच्या पिठापेक्षा पातळ करा. मग वीस मिनिटं झाकून ठेवा. ही वीस मिनिटं कोणी सोडू नका. ज्वारीच्या पिठाला पाणी प्यायला वेळ लागतो.

बाया विचारतात, ज्वारीचं धिरडं तुटतं काहून? गव्हात चिकटपणा असतो, ज्वारीत नसतो. म्हणून तर भाकरीचं पीठ गरम पाण्यानं भिजवतो. धिरड्यात तो चिकटपणा वाटलेली डाळ आणते. तरी तुटत असेल तर आपल्या घरातलीच एक वस्तू आहे, जवस. चटणीसाठी भाजतो ना, तीच. एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवा, ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी लिबलिबीत होते. शहरातल्या बेकऱ्या अंड्याऐवजी केकमध्ये हेच घालतात. आपण जवसाची चटणी भाकरीसोबत खातो, पण हा गुण आपल्याला कोणी सांगितला नव्हता.

पीठ मात्र ताजं पाहिजे. महिनाभर पडलेलं ज्वारीचं पीठ कडवट लागतं, मग लेकरं धिरड्याला नावं ठेवतात आणि दोष आपल्या हाताला येतो.

तवा बिडाचा किंवा लोखंडी घ्या. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला की तेलही कमी लागतं आणि पीठही चिकटत नाही. मंद आच, वर झाकण, दोन मिनिटं. कडा सुटल्या की उलटवा. आधी उलटवलं तर धिरडं नाही, खिचडी होते. लोखंडी तव्याचं थोडं लोह अन्नात उतरतं, आणि पिठात लिंबू पिळलं तर जास्त.

आता खारपाणपट्ट्यातल्या बाया बोलतील. दर्यापूरकडे, मूर्तिजापूर-अकोटकडे पूर्णेच्या काठच्या गावांत पाणी खारं आणि जड. तिथं तूरडाळ तासभर शिजवली तरी दाणा दाणा राहतो आणि गॅस संपतो. या बायांना मी मुद्दाम सांगते, तुमच्यासाठी धिरडं जास्त सोयीचं आहे. डाळ भिजवून वाटली की तव्यावर पातळ थरात ती शिजतेच, वरणासारखी वाट पाहावी लागत नाही. फक्त मीठ घालण्याआधी पीठ चाखा, पाण्यातच मीठ असतं. घरात बीपीची गोळी घेणारं कोणी असेल तर अजून हात आखडा. आणि भिजवायला आरओचं पाणी मिळत असेल तर तेच वापरा.

मूग नसेल तर हरभऱ्याची डाळ चालते, उडीद चालतो. अकोल्याच्या डाळ मिलमधून तुकडा डाळ स्वस्त मिळते. आपण ती कोंबड्यांना घालतो. निवडून धुतली तर धिरड्याला ती अगदी पुरेशी, वाटायचीच तर आहे. मेळघाटाकडच्या बायांनी ज्वारीऐवजी कुटकी भिजवून वाटावी.

सोयाबीनचं मात्र नीट ऐका. घरात पोती पडली आहेत म्हणून कोणी कच्चं सोयाबीन दळून पिठात घालू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये असा घटक असतो की प्रोटीन पचू देत नाही, पोट बिघडतं. दाणे उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, कडक उन्हात वाळवा, मग दळा. आणि नऊ भाग इतर पिठाला एकच भाग. जास्त घातलं तर वास येतो, घरातले खात नाहीत.

एक काळ होता, पोळ्याच्या आसपास नवा मूग घरात यायचा, मग ज्वारी. आता वावरात कपाशी, सोयाबीन, तूर, आणि खायची ज्वारी आपण दुकानातून आणतो. हे सगळं आपण एकट्या बदलू शकत नाही, घरचे कर्ते आणि बाजारभाव मधे येतात. पण धुऱ्यावर चार ओळी मूग आणि चार ओळी तीळ बाईच्या शब्दावर पडू शकतात. आमच्या घरी पडल्या, थोडं भांडण झालं.

गोड पाहिजे तर नातवाचंच सांगते. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी डाळीचं पीठ, दोन पिकली केळी कुस्करून, गूळ पाण्यात विरघळवून, वेलची आणि चिमूटभर मीठ. अंजनगाव-अकोट भागात डाग पडलेली केळी मातीमोल जातात, ती याच कामाला घ्या. सोडा लागत नाही. आंब्याच्या दिवसांत वरून रस घ्या, मग मधाची आठवण होत नाही. पण गूळ म्हणजेही साखरच, मधुमेह असलेल्यांनी तिखट धिरडंच खावं. गुळानं रक्त वाढतं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो, पण चमचाभर गुळानं भागत नाही. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं.

तेव्हा खरं सांगते, धिरड्यानं माझं रक्त एकट्यानं वाढलं नाही. मी लोहाच्या गोळ्या घेतल्या, पूर्ण घेतल्या, काळी शी होते म्हणून अर्ध्यात सोडल्या नाहीत. धिरड्यासोबत लिंबू पिळायला लागले, कारण लिंबानं लोह अंगी लागतं. आणि चहा तासभर मागे ढकलला, कारण चहा लोह अडवतो. हे सगळ्यात कठीण गेलं. धिरडं आणि चहा सोबत नाही म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मंग काय पान्यासंगं खावं काय वं?" मी म्हटलं, हो आत्याबाई, पाण्यासंगंच. आता त्याही तासभर थांबतात, घड्याळाकडे पाहत.

अजून एक. या धिरड्यात दूध-अंडं नाही म्हणून घरातलं दूध-अंडं बंद करा असा अर्थ नाही. बी-१२ नावाचं जीवनसत्त्व धान्य-डाळीत नसतं, ते दुधात, अंड्यात असतं. ज्या खातात त्यांनी खावं, आणि लेकरांना द्यावं. ज्या दोन्ही घेत नाहीत त्यांनी आरोग्य केंद्रात विचारून गोळी घ्यावी.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा माझं ११.२ आलं. अजून १२ नाही. पण जिना चढते.

आमच्या घरी आता नियम असा आहे की पहिलं धिरडं बिघडतंच, ते कोणाचंच नाही, गाईला जातं. दुसरं, चांगलं भाजलेलं, ते तव्यापाशी उभी असेल तिनं आधी खायचं, बसून. मग वाढणं सुरू. यांना सुरुवातीला विचित्र वाटलं. "अगोदर तू?" म्हणाले. मी म्हटलं, दोन मिनिटांचा फरक आहे, तोवर पेपर वाचा. आता ते स्वतःच म्हणतात, तू खाल्लं का. नाही म्हटलं तर ताट पुढे करत नाहीत. एका आठवड्यात नाही झालं हे, तीन-चार महिने लागले. सून आल्यावर तिच्यासाठीही तोच नियम आहे, आणि तिच्या पाळीला माझा मुलगा तव्यापाशी उभा राहतो. त्याचे धिरडे नकाशासारखे होतात, पण होतात.

ज्या गटांना तयार पिठाचा व्यवसाय करायचा आहे त्यांनी सभेनंतर माझ्याकडे थांबा. एवढंच आत्ता सांगते की ज्वारीचं पीठ फार टिकत नाही, म्हणून थोडं थोडं दळा, पाकिटावर दळल्याची तारीख लिहा, आणि अन्न नोंदणी केल्याशिवाय विकू नका.

बाहेर शेगडी पेटवली आहे. पीठ मी रात्रीच भिजवून आणलं आहे, चार प्रकारचं, त्यात एक बिनडाळीचंही आहे, फरक कळावा म्हणून. ताटं घेऊन पुढच्या रांगेपासून या, ढकलाढकली करू नका. तव्यापाशी दोघी उभ्या आहेत, दुसरं धिरडं त्यांना देऊ आणि मग वाढायला सुरुवात करू. आणि चहा तासाभरानं येणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.