न्हाव्याच्या खुर्चीतला माणूस



अध्यक्षाने नाट्यव्यवसायाच्या अडचणींवर बोलावं, असा रिवाज आहे. तिकीटदर आणि नाट्यगृहांची स्वच्छतागृहं यांवर उद्या दिवसभर बोलणं होणारच आहे. मी आज अर्जेंटिनाबद्दल बोलणार आहे.

तिथे 1976 ते 1983 लष्करी हुकूमशाही होती. हजारो माणसं घरांतून, रस्त्यांवरून उचलली गेली आणि ‘बेपत्ता’ झाली. नाट्यशिक्षणाच्या अभ्यासक्रमातून समकालीन अर्जेंटिनी नाटक हा विषयच काढून टाकला गेला. त्यावर 21 नाटककारांनी एकेक छोटी नाटिका द्यायचं ठरवलं आणि जुलै 1981मध्ये ब्युनोस आयर्सच्या पिकादेरो नाट्यगृहात ‘तेआत्रो आबिएर्तो’, म्हणजे खुलं नाट्य, सुरू झालं. रोज तीन नाटिका, तिकीट मुद्दाम स्वस्त. आठवडाभर जेमतेम प्रयोग झाले आणि 6 ऑगस्टच्या पहाटे नाट्यगृह पेटवलं गेलं. अनेक थिएटरमालकांनी आपले रंगमंच देऊ केले. प्रयोग पुढे झाले ते ताबारिसमध्ये, जिथे एरवी नाचगाण्यांचे कार्यक्रम होत!

त्या 21 नाटिकांतली ग्रिसेल्दा गाम्बारो यांची नाटिका, ‘देसीर सी’, म्हणजे ‘हो म्हणणं’. एक गिऱ्हाईक केस कापायला सलूनमध्ये येतं. न्हावी घुम्या. जमिनीवर केस पडलेत. न्हावी केराकडे बघतो, गिऱ्हाईकाकडे बघतो, आणि गिऱ्हाईक मुकाट झाडू हातात घेतं. मग न्हावीच खुर्चीत बसतो. हा त्याची दाढी करतो, केस कापतो, गाणंसुद्धा म्हणतो. कशालाच नाही म्हणत नाही. शेवटी स्वतः खुर्चीत बसतो, आणि न्हावी त्याचा गळा चिरतो.

रंगमंचावर लष्करी गणवेश नाही, तुरुंग नाही. मला हीच नाटिका सगळ्यांत धारदार वाटते. जुलमी माणसं आठवणं सोपं असतं, त्यांचे फोटो असतात. आपण झाडू केव्हा उचलला, याचा फोटो कोणी काढत नाही. चौकशी आयोगाच्या अहवालात मृतांची नावं येतात, कधी मारेकऱ्यांचीही येतात. शेजारच्या घरातून माणूस नेताना खिडकी लावून घेणाऱ्याची जागा नाटकात असते. प्रेक्षागृहात तोच तर बसलेला असतो.

लोकशाही आल्यावर विषय संपला नाही. छळछावण्यांत जन्मलेली किंवा आईबापांबरोबर पळवलेली सुमारे पाचशे मुलं परक्यांच्या घरी वाढवली गेली, असा त्यांच्या आज्यांच्या संघटनेचा अंदाज आहे. 2000 साली या आज्यांना साथ द्यायला रंगकर्मींनी ‘ओळखीसाठी नाटक’ ही चळवळ उभी केली. हेतू रोखठोक होता: त्या मुलांच्या वयाच्या प्रेक्षकाच्या मनात शंका यावी, त्याने उठून आज्यांचं कार्यालय गाठावं, रक्ततपासणी करून घ्यावी. स्वतःचं आडनाव तपासायला लावणारं नाटक! समीक्षकांनी त्याच्या कलात्मकतेवर खुशाल वाद घालावा.

आता घरचं. डिसेंबर 1975मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा होत्या दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि दुर्गाबाईंनी त्याच व्यासपीठावरून आणीबाणीला विरोध केला. पुढे त्यांना अटक झाली. आपण दुर्गाबाईंचं कौतुक सांगत आलो, आणि ते योग्यच. पण त्या मांडवात गप्प बसलेल्यांचं नाटक आपण कितीसं लिहिलं? त्यांतले जे तेव्हा विशीत होते, ते आज सत्तरी ओलांडून गेलेत. इथल्या लेखकांना माझी विनंती आहे की, त्यांच्याकडे जाऊन बसा. तुरुंगात गेलेल्यांच्या आठवणी बऱ्याच छापून आल्यात. जे गेले नाहीत, त्यांना विचारा.