गॅरेजलगतची भिंत
(शरद व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या व्यासपीठावरून साहित्य आणि तत्त्वचिंतन यांची चर्चा व्हावयाची, तेथे गॅरेजच्या भिंतीविषयी बोलण्याची आज्ञा चालकांनी मला केली, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु मिशिगन किंवा मिनेसोटा येथे घर घेऊन राहिलेल्या आपल्या मंडळींना जानेवारीत बैठकीच्या खोलीची एकच भिंत हाताला गार का लागते, हा प्रश्न दरसाल पडतो आणि त्याचे उत्तर वेदान्तात सापडत नाही.

आपल्या मावळात गुरे आणि माणसे एकाच छपराखाली नांदत, तेव्हा गोठ्याकडून घराला ऊबच मिळे. मोटार मात्र बाहेरचा गारठा अंगावर घेऊन आत येते, आणि त्यासोबत पेट्रोलची वाफ व कार्बन मोनॉक्साइड हा वर्णगंधहीन विषारी वायूही आणते. म्हणून गॅरेज आणि राहती खोली यांच्या दरम्यानची भिंत ही नावाला आतली असली, तरी व्यवहारात बाहेरचीच समजली पाहिजे.

उष्णतेचा ओघ दोन बाजूंच्या तपमानांतील अंतराच्या प्रमाणात वाहतो, हे फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने 1822 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. या ओघाला अडविण्यासाठी भिंतीच्या लाकडी उभ्या खांबांमधील (स्टडांमधील) साडेतीन इंचांच्या पोकळीत आर-13 किंवा आर-15 प्रतीचे (‘आर’ हे उष्णतारोधाचे माप) फायबरग्लास भरण्याचा प्रघात आहे; पण तेथे प्रतिकार करते ती काच नव्हे, तर तंतूंच्या जाळ्यात निश्चल होऊन राहिलेली हवा. म्हणूनच जाड थर दाबून कोंबणारा गृहस्थ पैसे अधिक देऊन गुण कमी पदरात घेतो, आणि फटींतून वारा खेळत असेल तर उत्तम थराचाही पुष्कळसा गुण वाया जातो.

माझ्या मते सगळी मेख येथेच आहे. हिवाळ्यात घरातील उष्ण हवा वर चढून माळ्याच्या फटींतून निसटते, आणि तिची जागा भरून काढण्यासाठी खालच्या भागातून, अर्थातच गॅरेजमधूनही, हवा आत ओढली जाते. त्या हवेबरोबर काय येईल ते मघाशी सांगितलेच. तेव्हा तळच्या आडव्या लाकडाखालची फट, वायरी व नळ यांची भोके, विजेच्या पेट्यांच्या कडा आणि विशेषतः वर खोली असल्यास तुळयांमधील मोकळ्या जागा, यांचा बंदोबस्त आधी करावा आणि फायबरग्लास मागाहून भरावे. पुष्कळजण गॅरेजच्या मोठ्या दारावर खर्च करून ही भिंत तशीच सोडतात. तो खर्च, गॅरेज तापवावयाचे नसेल तर, मला अस्थानी वाटतो.

फायबरग्लासच्या थराला कागद चिकटविलेला असेल, तर थंड प्रदेशात तो राहत्या खोलीकडे यावा, नाहीतर घरातील बाष्प पोकळीत शिरून थंड पृष्ठभागावर पाणी होऊन साचते. हा कागद ज्वालाग्राही असल्याने कोठेही उघडा ठेवता कामा नये. फोमच्या फळ्यांनाही हाच नियम.

गॅरेजच्या बाजूने जिप्सम बोर्ड लावण्याचा दंडक आगीपासून बचावासाठी आहे. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा रासायनिक रीतीने बद्ध असलेले पाणी असते. आग लागली असता ते वाफ होऊन निघेपर्यंत पलीकडची बाजू फारशी तापत नाही, आणि माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी आधाराला घेतलेल्या निवासी इमारतींच्या आदर्श संहितेत या भिंतीस निदान अर्धा इंच, आणि वर राहती खोली असल्यास छतास पाच-अष्टमांश इंच जाडीचे ‘टाइप एक्स’ म्हणजे अधिक अग्निरोधक बोर्ड सांगितले आहे. गॅरेजमधून थेट शयनगृहात दार ठेवण्यास तर सक्त मनाई आहे. भिंत आधीच बंद असेल, तर भोके पाडून सेल्युलोजचे उष्णतारोधक तंतू आत दाट फुंकता येतात. मात्र ती भोके पुन्हा नीट बुजविण्यात हयगय केली, तर अग्निरोधाची सारी तजवीज फुकट जाते. स्थानिक नियमांत फरक असतो, म्हणून कामाआधी नगरपालिकेच्या इमारत-खात्यात चौकशी करावी.

आता एकच विनंती करतो. पहिला बर्फ पडण्यापूर्वी फटी बुजवा, शयनगृहांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवा, आणि गॅरेजचे दार सताड उघडे असले तरीही गाडी गरम करण्यासाठी आत इंजिन चालू ठेवू नका.