बारामतीचे दोन पाडवे

दिवाळीचा पाडवा म्हणजे मागील हेवेदावे गिळून नव्या वहीचें पहिलें पान उघडण्याचा दिवस. बारामतींत या दिवसाला आणखी एक रूप आलेलें होतें. शरद पवारांच्या गोविंदबागेंत सारें घराणें एकत्र जमे आणि गांवोगांवचे लोक रांगेनें भेटून जात. २०२४ सालच्या २ नोव्हेंबरला मात्र पाडवे दोन झाले. एक गोविंदबागेंत, दुसरा काटेवाडीस अजित पवारांकडे. विधानसभेचें मतदान अवघ्या अठरा दिवसांवर होतें. कोणाच्या दारीं आधीं जावें, हा प्रश्न वरवर पाहतां शिष्टाचाराचा. पण ज्या घरांत थोरला भाऊ एकीकडे व धाकटा दुसरीकडे, तेथें फराळाच्या ताटावरहि त्याची छाया पडणारच.

त्याच वर्षीं ७ मे रोजीं लोकसभेसाठीं नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या होत्या. सुप्रिया सुळे दीड लाखांहून अधिक मतांनीं निवडून आल्या. नोव्हेंबरांत काका-पुतण्याची लढत झाली, आणि काका अजित पवार लाखावर मतांनीं विजयी झाले. प्रचाराचा नारळ कण्हेरीच्या मारुतीपुढें फोडण्याची या घराण्याची जुनी चाल. घराण्याच्या दोन वाटा झाल्या तरी मारुति एकच. त्यानें कोणाचें ऐकावें?

आप्तांची ही चुरस बारामतीला अगदींच नवी नव्हे. १७४० सालीं पहिला बाजीराव निवर्तला, तेव्हां पेशवेपदासाठीं रघूजी भोसल्यांनीं बाबूजी नाईक बारामतीकरांचें नांव पुढें केलें. बाबूजींचे बंधु आबाजी हे बाजीरावाच्या भगिनी भिऊबाईचे पति, म्हणजे सोयरे सोयऱ्यांच्या आड आले. शाहू महाराजांनीं वस्त्रें बाजीरावपुत्र बाळाजीस दिलीं.

पुढें याच नाईकांच्या आश्रयास पन्हाळ्याचे मोरोपंत आले, आणि १७९४ सालीं देह ठेवीपर्यंत बारामतींतच राहिले. नाईकांच्या वाड्यांत पुराण सांगावें आणि कऱ्हेकांठीं आर्या रचाव्या, असा त्यांचा क्रम. अन्न धन्याचें, पण त्यांनीं जन्माचें मोठें काम म्हणून हातीं घेतलें तें भारत, म्हणजे भाऊबंदकीनें कुळाचा निःपात कसा होतो याची कथा! ऐकणारांत सत्तेची चव आणि तिची निराशा दोन्ही ठाऊक असलेले लोक होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या आर्यांचें वजन निराळें वाटूं लागतें. आज निवडणूक आली कीं डफावर उमेदवाराचें नांव चढतें. पोटासाठीं कोणी गाइलें तर त्याला नांवें ठेवणें सुखवस्तु माणसाला शोभत नाहीं. परंतु आश्रयदात्याच्या ओसरीवर बसून त्याच्या स्तुतीपलीकडचें कांहीं सांगतां येतें, याचा दाखला याच गांवांत आहे, हें विसरूं नये.

त्या वर्षाच्या दोन निवडणुकांच्या मधोमध वारी आली. २८ जूनला तुकोबांची पालखी देहूहून निघाली. १६८५ च्या सुमारास नारायण महाराजांनीं सुरू केलेला हा सोहळा बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके ओलांडून जातो. ज्या काटेवाडीस चार महिन्यांनीं दुसरा पाडवा व्हावयाचा होता, तेथेंच परीट मंडळी पालखीपुढें धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढपाळ रथाभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण धरतात. पायघडी घालणारानें कोणाला मत दिलें, हें कोणी विचारीत नाहीं. भक्तीनें राजकारण पुसलें जातें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. वाटेवर पुढाऱ्यांच्या स्वागताच्या कमानीहि असतातच. पण दिंडींत टाळकऱ्याला शेजारच्या टाळाशीं ठेका जुळवावा लागतो, आणि तो शेजारी त्यानें निवडलेला नसतो.

बेलवाडीस अश्व धांवतात, इंदापुरास पुन्हा रिंगण होतें. सराटीच्या मुक्कामानंतर पादुकांना नीरास्नान घडतें, आणि पालखी नदीपलीकडे अकलूजच्या वाटेला लागते. मागें इंदापुराकडे परतणारे लोक नदीकांठीं थोडा वेळ उभे राहतात; मग आपापल्या गांवीं, आपापल्या पक्षांत परत जातात.