काळ्या कपड्यावर बाजूने उजेड
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून इथे पोटगी, शिक्षण, संविधान यांवर बोलणं झालं आणि आता विषय आलाय फॅशनचा. काहींच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय. हरकत नाही. फॅशन शिकणाऱ्या मुलीला घरात, मोहल्ल्यात आणि चळवळीतही एकच प्रश्न विचारतात : याचा आपल्याशी काय संबंध? शेवटच्या वर्षाला मी एक फॅशन एडिटोरियल केलं, आठ फोटोंचं. त्याच्या आधारानेच मी या प्रश्नाचं उत्तर देणार आहे.

आधी शब्द समजून घेऊ. कॅटलॉगमध्ये कपडा विकायचा असतो, म्हणून बटण, शिलाई, रंग नीट दिसला की काम झालं. एडिटोरियलमध्ये आठ-दहा फोटोंतून एक गोष्ट सांगायची असते, आणि ती सांगण्याचं मोठं काम कपडे करतात. कोण कुठे निघालंय, खिशात किती पैसे आहेत, मनात काय चाललंय, हे सगळं कपडे सांगतात. हे कपडे निवडणं, जमवणं, अंगावर कसे बसतील ते पाहणं म्हणजे स्टायलिंग.

या प्रकाराला वाईट नावही आहे. २००८ मध्ये 'वोग इंडिया'ने गरीब माणसांच्या हातात महागड्या ब्रँडच्या वस्तू देऊन फोटो छापले. बाळाच्या गळ्यात महागडं लाळेरं, एका माणसाच्या हातात महागडी छत्री. फोटोखाली ब्रँडची नावं होती, माणसांची नव्हती. टीका झाली ती यावरच. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली, तेव्हा स्टीव्हन मायझेल या छायाचित्रकाराने इटालियन 'वोग'साठी तेलाने माखलेली मॉडेल किनाऱ्यावर दाखवली. काहींना ते धाडस वाटलं, काहींना दुसऱ्याच्या संकटाची शोभा. म्हणून विषय निवडताना मी ठरवलं होतं, की ज्यांची गोष्ट सांगायची त्यांना ती आपली वाटली पाहिजे.

माझ्या एडिटोरियलचं नाव होतं 'तारीख'. एक आई आणि तिची कॉलेजला जाणारी मुलगी पोटगीच्या तारखेला कौटुंबिक न्यायालयात जातात. बस्स, एवढीच गोष्ट. शाहबानो खटल्याचा निकाल १९८५ चा. कलम १२५ खाली घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ ला पुन्हा सांगितलं. मधल्या काळात या विषयावर किती छापून आलं! पण बातमीसोबतचा फोटो बहुतेक वेळा एकाच साच्यातला : काळा नकाब आणि त्यातून दिसणारे, सुरमा घातलेले, पाणावलेले डोळे. या बाईला पाय नाहीत, पिशवी नाही, बसचं तिकीट नाही. ती कुठून आली आणि कुठे चालली, काही कळत नाही. मला तिचा पूर्ण दिवस हवा होता.

विषय मांडला तेव्हा एका शिक्षकांनी सुचवलं, की जाळीची खिडकी, कमान, हिरवा रंग, थोडा अत्तरदाणीचा माहोल आणू या, 'कल्चर' दिसेल. मी म्हटलं, सर, कौटुंबिक न्यायालयात अत्तरदाणी नसते. मग मी प्रत्येक फोटोसाठी तीन प्रश्न लिहून काढले. ती कुठे चालली आहे? हे कपडे घ्यायला तिच्याकडे पैसे कुठून आले? आणि तिथे तिच्याकडे कोण बघणार आहे? या तीन प्रश्नांत जे बसेल तेच अंगावर जाईल. कमान आणि जाळी पहिल्याच प्रश्नात गळाली.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, आमच्या भागातल्या बायकांनी दिलं. मी काही जणींशी बोलले. एकीने सहज सांगितलं, "तारखेला नवी चप्पल घालायची नाही. समोरचा वकील म्हणतो, बाईचं बरं चाललंय की." दुसरी म्हणाली, "पण फाटकीही नाही. मग साहेब आपल्याशी नीट बोलत नाहीत." बघा, अभ्यासक्रमात न शिकवलेलं स्टायलिंग या बायका किती वर्षं करत आल्या आहेत! माझ्या आईच्या पात्राला मी जुनी पण पॉलिश केलेली चप्पल दिली आणि तिसऱ्या फोटोत कॅमेरा बसच्या पायरीच्या उंचीला नेला. परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, यात फॅशन कुठे आहे? मी त्या चपलेवर बोट ठेवलं आणि वकिलाचं वाक्य सांगितलं. त्यानंतर पंधरा मिनिटं आम्ही फक्त चपलेवर बोललो.

कापडांबद्दल थोडं सांगते. माझं घर मराठवाड्याचं, औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं. तिथलं हिमरू तुम्हाला माहीत असेल, सूत आणि रेशीम मिळून विणलेलं, किनखाबासारखं दिसणारं. त्याचा एक भाऊ म्हणजे मशरू. मशरू या अरबी शब्दाचा अर्थ 'शरियतने परवानगी दिलेलं'. पुरुषांनी रेशीम वापरू नये असा नियम. मग विणकरांनी ताणा रेशमाचा घेतला, बाणा सुताचा घेतला आणि साटिनची वीण अशी घातली, की रेशीम वर झळकेल आणि अंगाला सूत लागेल. नियमही राहिला, हौसही भागली. परंपरा म्हणजे दगडावरची रेघ असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे कापड दाखवते. आता मशरू येतं ते मुख्यतः गुजरातेतून, पाटण आणि मांडवीकडून. मुलीच्या कुर्त्याला मी मशरूची फक्त आतली पट्टी लावली. बाहेरून साधा सुती कुर्ता, हात वर केला की बाहीच्या आत रेघ चमकते. आईची हिमरू शाल पहिल्या फोटोत लोखंडी कपाटात आहे. ती शालीला हात लावते आणि दार लोटते. न्यायालयात ती शाल जात नाही. सातव्या फोटोत, रात्री, भाकरी झाल्यावर, घरात ती अंगावर येते.

आता बुरखा. आईचं पात्र बुरखा घालतं, मुलीचं नाही. दोघी एकाच बाकावर बसतात. फोटोत यावर एक शब्दही भाष्य नाही. बाजारात बुरख्याला निदा नावाचं काळंभोर कापड चालतं. त्याचा फोटो काढणं अवघड असतं, आणि का ते ऐका. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. फ्रेम काळ्याने भरली, की त्याला वाटतं उजेड कमी पडला. मग तो उजेड वाढवतो. काळं कापड राखाडी होतं आणि चेहरा पांढराफटक. उपाय सोपा आहे : एक्स्पोजर एका स्टॉपने, कधी दीड स्टॉपने खाली आणा. फोन असेल तर पडद्यावर बुरख्याला बोट टेकवा आणि शेजारी सूर्याचं चिन्ह आलं की ते खाली ओढा. दुसरी गोष्ट, समोरून फ्लॅश मारू नका. समोरच्या उजेडात काळं कापड सपाट होतं, माणसाच्या जागी नुसता आकार उरतो. उजेड बाजूने येऊ द्या. मी बाईंना खिडकीला खांदा देऊन बसवलं आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरली. मग बाहीची घडी, कोपरावर झिजलेली जागा, इस्त्रीची रेघ, खिशातला रुमाल, सगळं दिसायला लागलं. कपडा तोच, बाई तीच. फक्त उजेडाची जागा बदलली.

न्यायालयात फोटो काढता येत नाहीत, म्हणून आम्ही एका जुन्या इमारतीचा लाकडी बाकांचा व्हरांडा परवानगीने घेतला. आईचं काम केलं माझ्या मैत्रिणीच्या खालांनी. त्यांनी आधीच तीन अटी घातल्या : रडणार नाही, हात जोडणार नाही, आणि मी पाहिल्याशिवाय एकही फोटो बाहेर जाणार नाही. तिन्ही आम्ही मराठीत लिहून काढल्या आणि दोघींनी सह्या केल्या. हलिमा एडन ही हिजाब घालणारी जगप्रसिद्ध मॉडेल. २०२० मध्ये तिने रॅम्प सोडला, कारण कामासाठी आपल्या श्रद्धेत तडजोडी कराव्या लागल्या असं तिला वाटलं. म्हणून अटी शूटच्या आधी ठरवाव्यात. दिवे लागल्यावर कुणालाच 'नाही' म्हणता येत नाही. आणि नावं! शेवटच्या पानावर खालांचं नाव तर आहेच. कुर्ता शिवणाऱ्या मास्टरांचं, बुरख्याला इस्त्री करणाऱ्या भाईंचं नावही त्याच अक्षरात आहे.

प्रदर्शन लागलं तेव्हा दोन्हीकडून बोलणी आली. एक म्हणाले, बुरखा दाखवून तुम्ही समाजाची बदनामी केली. दुसरे म्हणाले, बुरखा इतका सुंदर दाखवून त्याचं उदात्तीकरण केलं. दोघांनाही बुरख्याबद्दलच बोलायचं होतं. बाईच्या हातातल्या फाइलकडे कुणी पाहिलं नाही. बुरख्यावर आपल्या चळवळीत वाद आहे, आणि तो झालाच पाहिजे. माझीही मतं आहेत. पण तो वाद आपण भाषणात, लेखात, घरात करू. फोटोतल्या बाईला त्या वादाचं पोस्टर करायचं नाही. ती तारखेला आली आहे, तिला तिची पोटगी हवी आहे.

तर संबंध काय, याचं माझं उत्तर असं आहे. हक्कांची भाषा आपण शिकतोय, पण आपले चेहरे अजून दुसरेच कुणी निवडतात आणि आपल्याला कपडेही तेच घालतात. हे काम आपण करू शकतो, आणि त्याला मोठा कॅमेरा लागत नाही. घरी गेल्यावर ओळखीच्या एका माणसाचा एक दिवस दहा ओळींत लिहा. यंत्रमागावरचा कामगार, नर्सिंग शिकणारी बहीण, मदरशातला मुलगा, कुणीही. तीन प्रश्न विचारा, त्याच्या अटी लिहून घ्या आणि खिडकीजवळ बसवून बाजूच्या उजेडात आठ फोटो काढा. पुढच्या शिबिरात भिंतीवर लावू.

आता तुमचे प्रश्न घेते.