खाण संपते, गाव उरते



खाणीच्या पोटात कोळसा किती, याचा हिशेब सरकारी दप्तरात असतो. पण तो संपल्यावर खाणीकाठच्या माणसांचे काय, हा हिशेब बहुधा कोणी मांडलेला नसतो. आज आम्ही त्याविषयीच चार शब्द बोलणार आहोत.

चीनच्या ल्याओनिंग प्रांतातील फूशिन शहर घ्या. तेथील हायचौ ही उघडी खाण 1953 साली सुरू झाली. खणता खणता सुमारे 4 किलोमीटर लांब आणि साडेतीनशे मीटर खोल खड्डा पडला. 2005 साली खाण बंद झाली. त्याआधी, 2001 सालीच, सरकारने फूशिनला अशा शहरांच्या स्थित्यंतराचे पहिले प्रयोगक्षेत्र ठरविले होते. 2007 साली देशव्यापी धोरण आले आणि पुढे तीन याद्यांत मिळून 69 ठिकाणे नोंदली गेली. नवे उद्योग, जमिनीची दुरुस्ती, बेकारांची सोय यांसाठी त्यांना मध्यवर्ती तिजोरीतून मदत मिळू लागली.

आता कार्बन-कार्यक्षमता म्हणजे काय? हवेत सोडलेल्या दर टन कर्बवायूमागे शहराने किती उत्पन्न काढले, हे माप. घरच्या भाषेत सांगायचे तर, इतक्या सरपणात भाकऱ्या किती निघाल्या?

मदतीने हे माप सुधारतेच असे नाही. पैसा जुन्या, खादाड भट्ट्या जगविण्यात गेला, तर धूर तेवढाच राहतो. नव्या धंद्यांत गेला, तर माप सुधारू शकते. फूशिन परिसरातील पवनचक्क्या ही त्या दुसऱ्या वाटेची खूण आहे.

कोणी म्हणेल, कारखाने बंद केले की धूर आपोआप घटेल. घटेल खरा! पण चूलच विझवून सरपण वाचविणे ही काटकसर नव्हे, उपासमार आहे. शिवाय पवनचक्कीला खाणीइतके हात लागत नाहीत. म्हणून धूर किती घटला हे विचारताना, खाणकामगाराच्या हाताला दुसरे काम मिळाले का, हेही विचारलेच पाहिजे.

आपल्या चंद्रपूर-वणीचा कोळसाही अक्षय नाही. 2015 च्या कायदादुरुस्तीने खाणींच्या जिल्ह्यांसाठी खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली. पण त्यात पैसा येतो तो खाण चालू असेतोवरच. तेव्हा पुढच्या पिढीची तजवीज करायची ती आजच, कोळसा निघत असतानाच. विहीर आटल्यावर दोर वळून काय उपयोग?