संकष्टी आणि मधुमेहाची गोळी



लखनौस येऊन आम्हा मराठी कुटुंबांच्या पिढ्या लोटल्या, पण संकष्टीचा उपवास सुटला नाही. आता घरोघर मधुमेहाच्या गोळ्याही आल्या आहेत. गोळीची सुरक्षित मर्यादा केवळ साखरेच्या आकड्यावरून ठरत नाही. ती मूत्रपिंड आणि ताट यांवरूनही ठरते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

मेटफॉर्मिन सहसा दिवसाला २००० मिलिग्रॅमपलीकडे देत नाहीत. मूत्रपिंडाच्या गाळणशक्तीचा आकडा, म्हणजे ईजीएफआर, ४५ च्या खाली उतरल्यास मात्रा साधारण निम्मी करतात; ३० च्या खाली हे औषध वर्ज्य होय. म्हणून वर्षातून एकदा तरी ही तपासणी व्हावी.

ग्लिमेपिराइडची गोष्ट निराळी. तिची १ मिलिग्रॅमची गोळीही उपाशीपोटी साखर उतरवीतच राहते. सकाळी गोळी आणि चंद्रोदयानंतर जेवण, हा क्रम घातक ठरू शकतो. घाम, कंप, भ्रम जाणवताच साखर तपासावी. ती ७० च्या खाली असल्यास किंवा तपासणे शक्य नसल्यास तत्काळ ग्लुकोज वा साखरपाणी घ्यावे. तेथे उपवास मोडल्याचा दोष नाही.

उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. चुकलेल्या गोळीची भरपाई दुप्पट मात्रेने करू नये. व्रत आयुष्यासाठी आहे, हे आपण विसरू नये.